शेवटचं कोणी पाहिलं

१२ जानेवारी

खारू,

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र मधेच कट करता येत नाही. फार तर फाडता येईल, पण आईचं अक्षर असलेलं पाकीट न उघडता फाडण्याइतका तू अजून कोडगा झाला नसशील, असं धरून चालते.

आडवळणाने बोलायची मला सवय नाही. मी लग्न करतेय. हसायचं असेल तर हसून घे. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी जोडीदारीण आधी पोट धरून हसली आणि मग डोळे पुसायला बाहेर गेली. परत येऊन म्हणते, "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत." मी म्हटलं, चणे तर आलेत, दातांचं आपण बघून घेऊ. आयुष्यभर लोकांच्या कवळ्या केल्या त्या काय उगाच?

माणूस तुझ्या ओळखीचा आहे. आमच्या लॅबला प्लास्टर आणि कवळीच्या हिरड्यांची गुलाबी पावडर पुरवायचे ते. तू त्यांना पावडरवाले काका म्हणायचास आणि त्यांच्या बॅगेतले नमुन्याचे दात पळवायचास. त्यांची बायको गेली तीन वर्षांपूर्वी. मग ते लेकीकडे परदेशी गेले आणि तिथल्याच एका लॅबमध्ये चिकटले. दर रविवारी फोन करतात. आधी आम्ही मालाबद्दल बोलायचो, मग गुडघ्यांबद्दल, हल्ली कशाबद्दलही. एका रविवारी म्हणाले, "तुम्ही इकडेच का येत नाही?" मी विचारलं, "पाहुणी म्हणून?" तर म्हणाले, "पाहुणीला काही महिन्यांनी परत पाठवतात. बायकोला नाही पाठवत." याला मागणी म्हणायची असेल तर म्हण. मी म्हटली.

आता तुझं काम. तिकडे लग्न म्हणजे आधी कागद आणि मग माणूस. जन्माचा दाखला, शपथ घेतलेल्या भाषांतरकाराने केलेलं त्याचं भाषांतर, त्यावर सरकारी शिक्का, आणि तो शिक्का खरा आहे असं सांगणारा दुसरा शिक्का. दोन साक्षीदार हवेत. दुभाष्या हवा, तोही नात्यातला चालत नाही. आमची नोटीस त्यांच्या कचेरीच्या फलकावर लावून ठेवणार, कोणाची हरकत असेल तर येऊन सांगा म्हणून. तिथे मला ओळखतंय कोण हरकत घ्यायला! हे सगळं जमेल. घोडं अडलंय एकाच ठिकाणी. आधी लग्न झालेलं असेल तर ते संपल्याचा पुरावा लागतो. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, नाहीतर घटस्फोटाचा हुकूम. पावडरवाल्यांच्या लेकीने तिथल्या नोंदणी अधिकारी बाईंना विचारलं, नवरा एकोणीस वर्षांपूर्वी सकाळी कामावर म्हणून गेला आणि आलाच नाही, तर काय करायचं? बाई म्हणाल्या, तो आहे की नाही ते तुमच्या कोर्टाकडून लिहून आणा.

मी एक वकीलबाई गाठल्या. त्या म्हणाल्या, सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा जवळच्या माणसांना लागलेला नाही, त्याला कोर्ट मृत धरतं. जवळची माणसं म्हणजे मी आणि तू. दोघांनी शपथेवर सांगायचं की आम्ही त्यांना पाहिलं नाही, आवाज ऐकला नाही, पत्र नाही, निरोप नाही. माझी शपथ झाली. तुझी हवी.

मला ठाऊक आहे, बापाला गेलेला म्हणायचं जिवावर येतं. पण इतकी वर्षं मी ना धड बायको, ना धड विधवा. दवाखान्यात, बँकेत, कुठेही गेलं की 'विवाहित का?' या प्रश्नाशी माझी जीभ अडते आणि समोरचा वर बघतो. लोकांना यात काही वाटत नसेल, मला वाटतं. मला एक कागद हवाय.

तू सहा वर्षं घरी आला नाहीस. पावडरवाल्यांचे फोन येतात हे तुला आवडलं नसावं, असं मी धरलंय. ते भांडण नंतर करू. आधी शपथ दे.

तुझी आई

२ मार्च

खारू,

'मला हे जमणार नाही.' आला तुझा मेसेज. आईच्या तीन पानांना एक ओळ. छान.

का जमणार नाही ते लिहिलं नाहीस. लहानपणी आवडीचा खाऊ गालात धरून तासभर बसायचास, खारीसारखा, म्हणून तर हे नाव पडलं. आता तिशी आली, गाल अजून उघडत नाही. आणि मी तरी कोणाकडे तक्रार करू? आपलेच दात, आपलेच ओठ.

तुझ्यावाचून काही थांबलेलं नाही, हे कळावं म्हणून लिहिते. कोर्टाने वर्तमानपत्रात नोटीस छापायला लावली. तुझ्या बाबांचा जुना फोटो, आणि खाली 'जिवंत असल्यास हजर व्हावे.' तो अंक मी घडी करून ठेवला, मग उलगडला, मग पुन्हा घडी केली. किती तरुण दिसतात रे त्यात. मे महिन्यात तारीख आहे. वकीलबाई म्हणतात, मुलाने शपथ दिली नाही तर साहेब विचारणारच की मुलगा गप्प का. मी काय सांगू?

तिकडच्या लेकीने लग्नाचे प्रकार कळवलेत. इतके प्रकार असतात हे मला माहीत नव्हतं. कचेरीतली खोली घ्या, बाग घ्या, तलावाकाठी करा, नाहीतर चक्क नावेत. नावेत केलं तर नोंदणी अधिकाऱ्यासकट सगळ्यांनी फुगवलेली जाकिटं घालायची. पावडरवाले म्हणाले, "तुम्हाला पोहता येतं का?" मी म्हटलं, "पहिल्या लग्नात तरी कुठे येत होतं?" दोघंही बराच वेळ हसलो. फोनवर त्यांचं हसणं मागून येतं, माझं संपलं की.

एक प्रकार असाही आहे की त्यात फुलं, भाषणं, अंगठ्या, टाळ्या सगळं असतं, फक्त कायदा नसतो. एकही कागद लागत नाही, कारण कायद्याने काही घडलेलंच नसतं. लेकीला तोच पसंत. "काकू, कशाला ती कोर्टकचेरी? समारंभ करू, आणि तुम्ही येत-जात राहा." पोर मनाने चांगली आहे. मी तिला सांगितलं, "बाळ, कवळीचा फोटो तोंडात बसत नाही." तेव्हा आम्ही खोली घेतली. जूनची तारीख मिळाली. दहा खुर्च्या, एक टेबल, आणि खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. मला आवडली.

तिथे दोघांनी एक वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं, त्यांच्या भाषेत, दुभाष्या असला तरी. अर्थ असा की, माझ्या माहितीप्रमाणे या लग्नाला कायद्याची कोणतीही अडचण नाही. मी पॉलिशच्या मशीनवर ते पाठ करते. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू जात नाही.

शपथ दे, खारू. तू रागावला आहेस तर रागावूनच दे.

आई

३० मार्च

खारू,

पार्सल मिळालं. वरचं अक्षर तुझं आहे हे बघून मला आधी वाटलं, शपथपत्रच आलं. हाताने चाचपलं तर टणक लागलं.

तर आता तू मला गिऱ्हाईक पाठवतोस! 'आमच्या एका साइटवरच्या म्हाताऱ्या रखवालदाराची आहे, मोडली, दुसरीकडे नीट करत नाहीत, तू बघशील का.' बघते ना. न बघून सांगते कोणाला? सहा वर्षांत तू माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलंस आणि मागितलंस काय, तर मोडक्या कवळीची डागडुजी. दिवसभर मला उगाचच हसू येत होतं. जोडीदारीण म्हणाली, "लग्नाचं हसू वाटतं हे." मी म्हटलं, नाही गं, पोराचं.

वरची कवळी आहे, मधोमध चिरलेली. कोणी केलीय कोण जाणे, दात बरे लावलेत पण टाळूवर बसवताना घाई केलीय. मालकाला सांग, गरम पाण्यात बुडवू नका आणि रात्री काढून पाण्यात ठेवा. अशा चिरेला आधी दोन्ही तुकडे मेणाने जोडायचे, मग आतून प्लास्टर ओतून टाळूचा साचा घ्यायचा, आणि त्या साच्यावर बसवून नवी गुलाबी पावडर भरायची. दोन दिवसांचं काम. मजुरी नको. मजुरी म्हणून तू ये.

शपथेचं मी या पत्रात विचारत नाही. बघ, किती शहाण्यासारखी वागतेय.

आई

२ एप्रिल

खारू,

काल प्लास्टर सुकलं आणि मी कवळी वर उचलली.

माणसाच्या टाळूला पुढच्या बाजूने वळ्या असतात. अंगठ्याच्या ठशासारख्या, ज्याच्या त्याच्या वेगळ्या. दात गेले तरी त्या तशाच राहतात. तुझा जन्मही झाला नव्हता तेव्हा मी या कामात नवी होते, आणि हात बसावा म्हणून तुझ्या बाबांच्या तोंडाचं माप घ्यायची. इतक्या वेळा घेतलं की ते म्हणायचे, जेवणापेक्षा तुझा मापाचा लगदाच जास्त खाल्ला. त्यांच्या टाळूच्या मधोमध शेंगदाण्याएवढी हाडाची गाठ आहे. असते काहींना, त्रास नसतो. अशा गाठीवर कवळी डुगडुगते आणि एक दिवस मधोमध चिरते. आणि डाव्या बाजूच्या दोन वळ्या पुढे जाऊन एकमेकींना मिळतात.

माझ्यासमोर टेबलावर तो साचा आहे. त्यांचा जुना साचा शोधायला मी माळ्यावर चढले नाही. गरज नव्हती.

आणखी एक कळलं. तू घरी येणं सोडलंस तेव्हा पावडरवाल्यांची बायको हिंडती-फिरती होती, फोनबिन काही नव्हते. मी वेडी सहा वर्षं भलत्याच गोष्टीचा दोष देत बसले.

ये. फोनवर सांगू नकोस.

आई

२१ एप्रिल

खारू,

तू आलास, बूटसुद्धा न काढता बसलास, सांगितलंस आणि गाडी गाठायला निघालास. मी कवळीचं तेवढं विचारलं. पुढे माझी दातखीळ बसली. आता लिहिते.

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात एक लिफ्ट अडकली म्हणून तुला पाठवलं. लिफ्टदुरुस्तीचा बापाचाच धंदा उचललेला तू. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची किल्ली घेऊन इमारतीचा रखवालदार वर आला आणि तुझ्या हातातून पाना पडला. तो म्हणाला, "उंच झालास." तेरा वर्षांनी बाप भेटतो आणि पोराला म्हणतो, उंच झालास! तू विचारलंस, का गेलात? तर, "सकाळी निघालो, काम झालं, आणि परत फिरावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी लाज वाटली. तिसऱ्या दिवशी जास्त वाटली." बाई नाही, कर्ज नाही, भांडण नाही. मी एकोणीस वर्षं त्या माणसाला गाडीखाली घातलं, नदीत बुडवलं, तुरुंगात टाकलं, कोणा बाईच्या घरी नांदवलं, आणि दर वेळी त्याच्यासाठी रडले. तो गच्चीवर शर्ट वाळत घालत होता.

"आईला सांगितलंस तर मी इथूनही जाईन," असं त्याने तुला बजावलं. म्हणून तू बोलला नाहीस. आणि मला तोंडावर खोटं सांगता येईना म्हणून घरी येणंच सोडलंस. बाप राखायचा तर आई सोडायची. मला तुझा राग येतो, आणि तू गच्चीवर त्याच्या शेजारी बसलेला डोळ्यांसमोर आलास की तो राग टिकत नाही. मग तो पुन्हा येतो.

नोटीस त्याने वाचली, म्हणालास. फोटोही बघितला. तुला म्हणाला, "सही करून टाक. तिचं भलं होईल, मला काय फरक पडतो?" स्वतःचं मरण कबूल करणं त्याला सोपं वाटलं. पोराला खोटी शपथ घ्यायला लावणं त्याहून सोपं. ते तू केलं नाहीस, आणि मी मात्र दोन महिने तुला दगड म्हणत होते.

कवळीचं मी विचारलं तेव्हा तू काय म्हणालास ते आठवतं का? "त्यांना काही चावता येत नव्हतं, आणि तुझ्याइतकं चांगलं कोण करतं ते मला माहीत नाही." दात म्हणजे दात, कोणाचे कसे ओळखू येणार, असं वाटलं होय रे तुला? एका कवळीवालीच्या घरात लहानाचा मोठा होऊन?

वकीलबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाल्या, "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का त्यांना? नाही ना? मग प्लास्टरचा गोळा म्हणजे काही माणूस नव्हे. फोडून टाका आणि शपथेवर ठाम राहा. तुमचं आयुष्य आहे, बाई." माझ्यासाठीच बोलत होत्या त्या. आणि खरं सांगते, मी घरी येऊन हातोडी काढली. साचा फडक्यात गुंडाळलाही. पण एवढी वर्षं मी एकच मागत होते, की तो आहे की नाही ते कोणीतरी सांगा. ते आता मिळालंय, तर कोर्टात उभी राहून 'मला माहीत नाही' म्हणू? आणि मग त्या खोलीत ते वाक्य म्हणू, कायद्याची अडचण नाही म्हणून? खोट्या कागदावरच बायको व्हायचं होतं तर फुलं-टाळ्यांचा समारंभ काय वाईट होता. साचा पुन्हा टेबलावर ठेवला.

रविवारी पावडरवाल्यांना सांगितलं. बराच वेळ फोनमध्ये त्यांच्याकडचा नळ ऐकू येत होता. मग म्हणाले, "तुम्हाला आनंद झाला का?" कोणी असं विचारेल असं वाटलं नव्हतं. मी रडले. त्यांच्यापुढे कधी रडले नव्हते.

आता ऐक. अर्ज मी मागे घेतेय. पण वाट एक आहे. त्याने संमती दिली तर घटस्फोट काही महिन्यांत होतो, आणि तिकडे तो हुकूमही चालतो. खोलीची तारीख पुढे ढकलता येते, लेकीने विचारून ठेवलंय. सगळं त्या माणसाच्या एका सहीवर आलंय. मी येत्या रविवारी तिथे जाणार. कवळी झालीय, सुंदर झालीय, गाठीवर डुगडुगू नये म्हणून तेवढ्यापुरती आतून पोकळ ठेवलीय. ती देईन, सही घेईन, परत येईन. ओरडणार नाही. जाब विचारणार नाही. विचारला तरी एकच विचारीन.

त्याला आधी सांगू नकोस. हात जोडते.

आई

३० मे

खारू,

तुझा फोन महिनाभर बंद आहे. तुझ्या कंपनीत विचारलं, कामावर येतोस म्हणाले, तेवढ्यावर जीव धरून आहे. काय झालं ते तुला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं माझ्याकडून ऐक.

मी रविवारी पोहोचले. त्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे पण मऊ चालते, थांबताना हिसका बसत नाही. गच्चीवर खोलीचं दार सताड उघडं. एक खाट, एक बादली, खिळ्याला आरसा. खालचा दुसरा रखवालदार मागोमाग वर आला, धापा टाकत. "कोण पाहिजे? ते तर काल संध्याकाळीच गेले. पगार घ्यायलाही थांबले नाहीत. दुपारी त्यांचा मुलगा आला होता, दोघं बराच वेळ इथेच बसले होते."

तू सांगितलंस तर. का सांगितलंस तेही मला कळतं. बापाला बेसावध गाठायचं तुझ्याने झालं नाही. आईशी खरं बोललो, आता त्यांच्याशीही खरं बोलावं, असं काहीतरी तुझं गणित. ते गणित मीच शिकवलंय, तेव्हा कोणावर ओरडू?

मी त्या खाटेवर बसले. पर्समध्ये कवळी होती, ओल्या कापसात. त्याला ठाऊक होतं मी ती घेऊन येतेय. माझं तोंड बघण्यापेक्षा त्याला बोळक्या तोंडाने जन्म काढणं बरं वाटलं. माझा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता, आणि मला हसू फुटलं. रखवालदार घाबरला. पाणी आणतो म्हणून गेला तो आलाच नाही. कवळी मी खाटेवर, आरशाखाली ठेवून आले. चुकून परत आला तर जेवता येईल.

कोर्टात साहेबांनी विचारलं, अर्ज मागे का घेताय? मी म्हटलं, नवरा जिवंत आहे. बाजूचा कारकून म्हणाला, "अहो, चांगली बातमी आहे की!" मी हो म्हटलं.

वकीलबाई म्हणतात, पत्ता होता तोवर काम सोपं होतं. आता पुन्हा वर्तमानपत्रात नोटिसा, तारखांवर तारखा, किती वर्षं ते सांगता येत नाही. आणि त्याला मृत धरायचं म्हटलं तर सात वर्षं नव्याने मोजायची, या एप्रिलपासून. आधीची एकोणीस गेली. ती मोजणीतच नाहीत.

पावडरवाल्यांनी खोली रद्द केली. मीच करा म्हटलं. ते थांबायला तयार होते. "मी अडुसष्ट वर्षांचा आहे, किती थांबू ते तुम्ही सांगा, तेवढं थांबतो," म्हणाले. असं म्हटल्यावर माणसाने काय सांगायचं? मी म्हटलं, थांबू नका. समारंभ तरी करू या का, असं त्यांनी एकदा हळूच विचारलं, आणि मी गप्प बसले, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही. रविवारी फोन येतो अजून. आम्ही पुन्हा मालाबद्दल बोलतो. तिकडे नवीन प्रकारचं प्लास्टर आलंय, लवकर सुकतं. फोन ठेवला की मी तिथेच बसून राहते. मला त्या माणसाबरोबर राहायचं होतं, खारू. सकाळी चहा करायचा होता दोघांचा. हे तुला कोणत्याच पत्रात लिहिलं नाही, कागदाबद्दलच लिहीत राहिले.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

काल वकीलबाई नव्या अर्जाची तयारी करत होत्या. विचारू लागल्या, शेवटचं कोणी पाहिलं? एकोणीस वर्षं या प्रश्नाला माझं नाव होतं. पोलिसांत, कोर्टात, सगळीकडे. मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, मुलाने.

म्हणून मला तुझी भीती वाटते. कारण मी हे काम केलंय. ज्याने शेवटचं पाहिलं त्याला दुसरं काही बघता येत नाही. त्या सकाळी त्याने निळ्या चौकड्यांचा शर्ट घातला होता, डाव्या खिशाची शिवण उसवलेली. "येतो" म्हणाला की "जातो" म्हणाला, हे मी वर्षानुवर्षं कानांत लावून बघितलं. मी डब्याचं झाकण शोधत होते, वळून पाहिलं नाही. वळले असते तर? झाकण जागेवर असतं तर? हजार वेळा ती सकाळ पुन्हा केली, आणि प्रत्येक वेळी तो गेलाच. तू आता तो शनिवार तसाच करत असशील. सांगितलं नसतं तर. रात्री तिथेच राहिलो असतो तर. जिना उतरताना एकदा वर पाहिलं असतं तर.

काही फरक पडला नसता. मला हे कळायला एकोणीस वर्षं लागली. तू अकरा वर्षांचा होतास तेव्हा एकदा विचारलं होतंस, मी त्यांची हत्यारं हरवली म्हणून गेले का? मी दमलेली होते, गप्प झोप म्हणाले. त्याचं उत्तर आज देते. नाही. तेव्हाही तुझ्यामुळे गेला नाही, आताही नाही. त्याला तुझ्या आधीही राहता येत नव्हतं, तुझ्यानंतरही येणार नाही.

मी रागावलेली आहे. सहा वर्षांसाठी, त्या शनिवारासाठी. तो राग लगेच जाईल असं सांगत नाही. रागावलेल्या आईच्या घरीही येता येतं. मागच्या वेळी तो गेला तेव्हा आपण एकाच घरात असून एकेकटे बसलो, तू तुझ्या कोपऱ्यात, मी माझ्या मशीनवर. या वेळी तसं करायचं नाही.

ये, समोर बस, आणि मला सांग, शनिवारी त्याने कोणता शर्ट घातला होता. कोर्टासाठी नाही. मला ऐकायचंय.

आई